सातवा खिळा

टेकाडावर एकशे चौदा दगड होते. वरून दिसत होते तेवढेच मी मोजले. खालच्या थरात किती असतील ते सांगता येत नव्हतं. बहुतेक काळे, भोकाभोकांचे, लाव्ह्याचे. अकरा तांबूस. तीन पांढरे, आणि ते तिन्ही पूर्वेच्या टोकाला एकमेकांना टेकवून ठेवलेले. ढिगाची लांबी सव्वा मीटर, रुंदी जेमतेम साठ सेंटिमीटर. शेजारी पाच शेळ्या. एक माणूस, कमरेला रुंद वाकडी सुरी, मानेमागून आडव्या टाकलेल्या काठीवर दोन्ही मनगटं अडकवून उभा. खिळा मात्र कुठेच नव्हता.

"मोजून झालं का, लातूर?" सरपोतदार सरांनी खालून ओरडून विचारलं. त्यांना चढताना दम लागत असे आणि तो लागलाय हे दिसू नये म्हणून ते थांबून प्रश्न विचारत.

"एकशे चौदा, सर."

"काय एकशे चौदा?"

"दगड."

"अगं, दगड मोजायला तुला विमानानं इथवर आणलं का? खिळा कुठाय?"

"इथेच आहे. जीपीएस हीच जागा दाखवतंय. ह्या पांढऱ्या दगडांच्या खाली."

सर वर आले. त्यांनी ढिगाकडे पाहिलं, त्या माणसाकडे पाहिलं, मग डोक्यावरची टोपी काढली. मला वाटलं, मान म्हणून काढली. त्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि टोपी परत घातली.

"ही कबर आहे," ते म्हणाले. "लहान पोराची."

आमचा दुभाषा हुमेद त्या माणसाशी बोलत होता. अफार लोकांत भेटलं की आधी एकमेकांना सगळ्या बातम्या सांगायच्या, पाऊस, गुरं, कोण मेलं, कोण जन्मलं, मगच कामाचं बोलायचं, अशी रीत आहे. त्यात बराच वेळ गेला. सर मनगटावरचं घड्याळ फिरवत उभे राहिले.

"मुलगी होती," हुमेद आमच्याकडे वळून म्हणाला. "ह्याचीच. ह्याचं नाव इद्रिस. मुलीचं हस्ना. मागच्या उन्हाळ्यात ताप आला."

"वाईट झालं," सर म्हणाले. "हे दगड कधी हलवता येतील, विचार."

हुमेदनं विचारलं नाही.

सर हुमेदशी इंग्रजीत बोलत, हुमेद इद्रिसशी अफारमध्ये, आणि सर माझ्याशी मराठीत, म्हणजे त्या दोघांना कळू नये असं जे काही असेल ते. इथे मी सगळं मराठीतच लिहिते आहे. ह्या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. तेव्हा मी नुकतीच भूभौतिकीत एम.एस्सी. झाले होते आणि सरांच्या हाताखाली संशोधनाला जागा मिळेल या आशेनं इथिओपियाच्या अफार प्रदेशात त्यांची यंत्रं वाहत होते. मी लातूरची, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी माझं नाव लातूर ठेवलं. "भूकंपवाल्यांना वेगळं नाव लागत नाही," म्हणाले. मी हसले होते.

आमचं काम सांगायला सोपं होतं. अफारमध्ये आफ्रिका खंड फाटतंय. मधे खोल, सपाट, तापलेली दरी. दोन्ही बाजूंना दोन काठ, आणि ते एकमेकांपासून लांब चाललेत. लांब जाण्याचा वेग आपल्या नखाच्या वाढीपेक्षा कमी. डोळ्यांना तो कळत नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी सरांनी दरीच्या आरपार एका रेषेत सात ठिकाणी खडकाला भोकं पाडून पोलादी खिळे ठोकले, सिमेंटनं पक्के केले. खिळ्याच्या डोक्यावर मधोमध टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. त्या ठिपक्याच्या बरोब्बर वर तिपाई उभी करायची, तिच्यावर अँटेना, आणि तीन दिवस तिला उपग्रहांचं ऐकू द्यायचं. मग ठिपक्याची जागा एकदोन मिलिमीटरपर्यंत कळते. दोन वर्षांनी पुन्हा तेच. दोन जागांतला फरक म्हणजे खंड किती फाटलं.

पहिले सहा खिळे आम्ही मोजून आलो होतो. सातवा हा सगळ्यात पूर्वेचा, दरीपलीकडच्या काठावर एकुलता एक. तो नाही मिळाला तर बाकीच्या सहांना अर्थ नव्हता. दोरीचं एकच टोक हातात राहिल्यासारखं.

त्या दिवशी सकाळी गाडीत सर फार खुशीत होते. वाट कसली, नुसता लाव्हा, गाडी होडीसारखी डुलत होती, आणि ते माझी तोंडी परीक्षा घेत होते.

"बोल लातूर. आज घडीला पृथ्वीवर खंड कुठे कुठे फाटतंय?"

"अफार."

"ते खिडकीतून दिसतंय. पुढे."

"पूर्व आफ्रिकेची दरी. तिच्या दोन शाखा. एक केनियातून, दुसरी पश्चिमेला टांगानिका सरोवरावरून."

"पुढे, पुढे. आफ्रिकेतच घर बांधणारेस का?"

"सैबेरियात बैकल सरोवर. अमेरिकेत रिओ ग्रांदे. ग्रीसमध्ये कोरिंथचं आखात. अंटार्क्टिकाबद्दल वाद आहे."

"आणि आपल्याकडे?"

"नर्मदा, खंभात, गोदावरी. पण त्या जुन्या. थांबलेल्या."

"थांबलेल्या नाही, अर्धवट सोडलेल्या. आपल्याकडे काही धड फाटतसुद्धा नाही." ते स्वतःच्या विनोदावर हसले आणि पुढच्या सीटवरच्या हुमेदच्या खांद्यावर थाप मारून तोच विनोद त्यांनी इंग्रजीत सांगितला. हुमेद सभ्यपणे हसला.

मग मी विचारलं, की वस्त्यांजवळ पोलादाचे खिळे उघड्यावर असतात, ते कोणी उपटून कसं नेत नाही.

"माझे खिळे जगात कुठेही जात नाहीत," सर म्हणाले. "साताऱ्याकडे एक होता. गुराखी पोरं रोज दगड घेऊन त्याच्या मागे लागायची. मी काय केलं? शेंदूर फासला. बास. हात लावायची कोणाची बिशाद नाही."

"आणि अजून आहे तो?"

"आहे म्हणजे! दोन वर्षांनी गेलो तर वर पत्र्याचं देऊळ. पुढे घंटा, नारळ फोडायला कट्टा. आता अँटेनाला उघडं आभाळ लागतं, आणि वर पत्रा. पुजारी म्हणतो, साहेब, फार जागृत आहे हो." ते डोळे पुसेपर्यंत हसले. "पत्रा उतरवायला लावला मी. पोलीस घेऊन गेलो होतो. बायका रडत होत्या, पण रीडिंग झकास आलं."

"मग इथे काय केलंत? इथे शेंदूर नाही चालणार."

"इथे दुसरं औषध. हुमेदला विचार."

मी हुमेदला विचारलं. तो समोरच्या वाटेकडे बघत राहिला. वाट खराबच होती, म्हणून मी पुन्हा विचारलं नाही.

टेकाडावर सर आता कबरीभोवती फिरत होते. बुटाच्या टोकानं त्यांनी एक दगड जरासा ढकलून पाहिला. इद्रिसनं काठी मानेवरून खाली घेतली. एवढंच केलं त्यानं.

"दोक्तर," हुमेद म्हणाला, "हात लावू नका."

"नाही लावत. विचार तरी त्याला. सगळी कबर नको आहे मला. नुसतं डोकं उघडलं तरी पुरे."

ह्या वेळी हुमेदनं विचारलं. इद्रिसचं उत्तर एका शब्दाचं होतं आणि ते आम्हाला भाषांतराशिवाय कळलं.

"सर, साक्षीखुणा असतील ना?" मी मराठीत म्हटलं. मुख्य खिळा हरवला तर सापडावा म्हणून आजूबाजूच्या खडकावर दोनचार छोट्या खुणा कोरून त्यांची अंतरं मोजून ठेवायची असतात. पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात शिकवतात. "त्यांच्यावरून काढता येईल."

"नाहीत."

"एकही नाही?"

"ऊन बघतेस ना? दोन वर्षांपूर्वी ह्याहून जास्त होतं. पाणी संपलं होतं. आता तू मला सर्व्हे शिकवणारेस?"

ते एका दगडावर बसले आणि विचार करू लागले. ते विचार करत असले की त्यांचा चेहरा फार सुंदर दिसे, हे त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांना ठाऊक होतं.

मला एक गोष्ट कळत नव्हती. इद्रिसची वस्ती खाली, दरीच्या कडेला होती. येताना आम्ही त्या गोल, चटयांच्या झोपड्या पाहिल्या होत्या. तिथून टेकाडावर यायला गाडीलासुद्धा वेळ लागला होता. वस्तीजवळ मोकळी जागा हवी तेवढी. मग मेलेल्या पोरीला खांद्यावर घेऊन इतक्या लांब, इतक्या उंच कशाला आणायचं?

"हुमेद, त्याला विचार ना, इथेच का पुरलं?"

"त्याची गरज नाही, मिस."

"विचार तरी."

हुमेदनं सरांकडे पाहिलं, मग विचारलं. इद्रिस बराच वेळ बोलला. बोलता बोलता त्यानं काठीनं खाली दरीकडे दाखवलं, मग दगडांकडे, आणि शेवटी सरांकडे. काठी तशीच सरांच्या दिशेनं रोखलेली राहिली.

"म्हणतो, जागा चांगली आहे," हुमेद म्हणाला.

"एवढं बोलला तो. सगळं सांग."

हुमेदनं एक खडा उचलला आणि तो ह्या हातातून त्या हातात करत सांगू लागला.

"त्याच्या आईची कबर खाली होती. मोठ्या भूकंपांच्या साली जमीन फाटली. तुम्ही येताना ती भेग पाहिलीत. आईची कबर आत गेली. ह्यांनी दोऱ्या सोडून पाहिल्या, तळ लागला नाही. त्याच्या दुसऱ्या वर्षी हा माणूस आला." हुमेदनं सरांकडे बोट केलं नाही, हनुवटी हलवली. "यंत्रानं खडकाला भोक पाडलं. लोखंडाचा खिळा ठोकला. इद्रिस तेव्हा इथेच होता. म्हणतो, सिमेंट कालवायला पाणी मीच ओतलं, माझ्या शेळ्यांच्या वाटचं. हा माणूस म्हणाला, ह्या खिळ्याला कधी हात लावू नका. हा खिळा जमीन धरून ठेवतो. काढलात तर फाटेल."

मी सरांकडे पाहिलं.

"सातही ठिकाणी तेच सांगितलं," हुमेद म्हणाला. "मीच सांगितलं. दोक्तर बोलले, मी सांगितलं. इथे सगळे मानतात की डोंगर म्हणजे अल्लानं ठोकलेले खुंटे, जमीन हलू नये म्हणून. दोक्तरांना ते मीच कधीतरी सांगितलं होतं. मग पोरगी गेली तेव्हा ह्यानं तिला इथे आणलं. डोकं खिळ्याशी ठेवलं. म्हणतो, आईसारखी ही जाणार नाही. ही राहील."

सर हसले. मोठ्यानं नाही. नाकातून.

"देऊळ," ते मला मराठीत म्हणाले. "बघितलंस लातूर? परत देऊळ."

आणि ते उठले. त्यांना हवं होतं ते सापडलं होतं, हे मला त्यांच्या उठण्यावरून कळलं. ते सरळ इद्रिसच्या समोर जाऊन उभे राहिले, आणि हुमेदकडे न बघता, इद्रिसच्याच डोळ्यांत बघत, सावकाश बोलले.

"त्याला सांग, खिळा मी ठोकला. ज्यानं ठोकला त्यानं येऊन बघायला नको का, धरतोय की नाही ते? खिळे सैल होतात. म्हणून तर मी इतक्या लांबून परत आलो. आता न बघताच गेलो, तर ती राहिली की चालली, हे त्याला कधी कळणार?"

हुमेदनं हातातला खडा टाकून दिला.

"सांग."

"दोक्तर, हे..."

"तुला सरकारनं माझ्याबरोबर कशाला पाठवलंय?"

हुमेदनं सांगितलं. इद्रिसची काठी हळूहळू खाली आली.

"सर," मी म्हणाले, "तो हललाय हे आपल्याला माहीत आहे. आख्खा काठच सरकतोय."

"हललाय हे माहीत आहे. किती, ते माहीत नाही." ते अजून इद्रिसकडेच बघत होते आणि त्यांचा आवाज प्रेमळ होता. "नुसतं हललाय हे त्याच्या शेळ्यांनासुद्धा माहीत असेल. तू एम.एस्सी. कशात केलीस?"

इद्रिसनं काहीतरी विचारलं.

"विचारतोय, हातानं धरून बघितलं तर नाही का कळणार? तो रोज येतो तेव्हा बघू शकेल."

"नाही म्हणावं. फार बारीक असतं. आभाळाला विचारावं लागतं." सरांनी वर बोट केलं. इद्रिसनं वर पाहिलं. आभाळ पांढरं होतं, त्यात काहीच नव्हतं. तो वर बघत राहिला आणि सर थांबले. त्यांना थांबता येत असे.

मग इद्रिसनं काठी जमिनीवर ठेवली, सुरीचा पट्टा सोडून काठीशेजारी ठेवला आणि गुडघ्यांवर बसला.

"तुम्ही कोणी हात लावायचा नाही," हुमेद म्हणाला. "तो स्वतः काढणार आहे."

त्यानं पांढरे दगड आधी काढले. ओंजळीत घेऊन, एकेक. मग काळे. पूर्वेकडून तो मधल्या भागापर्यंत आला. मी खडूनं दगडांवर आकडे घालत होते, परत लावताना सोपं जावं म्हणून. सर म्हणाले, "पुरातत्त्वाला जागा रिकामी आहे, अर्ज कर." तरी मी घालत राहिले.

खाली खडक लागला, आणि खडकात खिळा. गंजला नव्हता. त्याच्या डोक्याखाली बोटभर मान होती, तिला कातड्याची एक वादी घट्ट गुंडाळलेली होती. वादीची गाठ वर, ठिपक्यावर आली होती. दुसरं टोक पश्चिमेला मातीत गेलं होतं.

"हे काय?" सरांनी विचारलं.

हुमेदनं ते इद्रिसला विचारलं नाही, आणि सरांनीही पुन्हा विचारलं नाही. थोड्या वेळानं ते म्हणाले, "ठिपका दिसला पाहिजे. गाठ बाजूला घ्यायला सांग."

इद्रिसनं गाठ सोडली नाही. दोन बोटांनी ती फिरवून फिरवून मानेच्या खालच्या बाजूला नेली. ठिपका मोकळा झाला.

मी तिपाई उघडली. खिळ्याच्या पूर्वेला खडकाला खोल खाच होती. तिच्या दोन अंगांना दोन पाय नीट बसत. मग तिसरा पाय पश्चिमेला, दगड काढलेल्या मातीवर पडत होता. मी तिपाई उलट फिरवून पाहिली, दोन पाय मातीच्या दोन्ही बाजूंना घेऊन. तर तिसरा खाचेत जाई आणि पूर्ण लांबवला तरी टेकत नसे. पुन्हा फिरवली. परत पाहिली.

"लग्नाचा मांडव घालतेस का?" सर म्हणाले. "पहिलं होतं तसं लाव. आणि तिसरा पाय रोव."

तिपाईच्या प्रत्येक पायाला खाली लोखंडी टोक आणि त्याच्या वर एक पट्टी असते. माती मऊ असेल तर त्या पट्टीवर बूट ठेवून सगळं वजन टाकायचं. पाय आत जातो, मग खचत नाही.

"सर, इथे..."

"मऊ आहे ना? मऊ आहे म्हणूनच रोव. नाहीतर तीन दिवसांत खाली जाईल आणि माझं रीडिंग घेऊन जाईल."

मी बूट ठेवला. टोक चार बोटं आत गेलं. मधे कुठे दगड लागला नाही. इद्रिसनं तोंड शेळ्यांकडे केलं होतं.

समपातळी दाखवणारा बुडबुडा मध्यावर आणला, अँटेनाची उंची तिच्या कडेवरच्या तीन खाचांपासून घेतली, तिन्ही आकडे जुळले. रिसीव्हर सुरू झाला.

आम्ही टेकाडाखाली तंबू टाकला. इद्रिस वरच राहिला. शेळ्यांनी तिपाईला शिंगं लावू नयेत म्हणून तो त्यांना काठीनं लांब ठेवी. आम्ही नेमलेल्या कोणत्याही राखणदारानं इतकी चोख राखण केली नसती, असं सर म्हणाले. सकाळी मी वर गेले की तो मला लाकडी भांड्यातून धुराचा वास असलेलं दूध देई आणि रिसीव्हरच्या डब्याकडे बोट दाखवून विचारी, हा काय म्हणतो?

"काही म्हणत नाही," मी हुमेदकरवी सांगायची. "फक्त ऐकतो."

"कोणाचं?"

"वरच्यांचं."

त्याला ते पटलेलं दिसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुडबुडा पश्चिमेला गेलेला होता. उंची घेतली, दोन खाचांचे आकडे कालचेच, तिसरा चार मिलिमीटर कमी. मी अँटेना पुन्हा समपातळीत आणायला लागले तेव्हा इद्रिस उठून जवळ आला. त्यानं हुमेदला जोरात काहीतरी विचारलं.

"विचारतोय, जमीन हलली का?"

"नाही, नाही. तिपाईचा पाय खचला. बाकी काही नाही."

"कुठला पाय?"

मी दाखवला. इद्रिस त्या पायापाशी उकिडवा बसला. बराच वेळ बघत राहिला. मग आपल्या ढिगातून त्यानं एक चपटा दगड निवडला. त्यावर माझ्या खडूचा आकडा होता. खुणेनं त्यानं मला पाय उचलायला सांगितलं. दगड त्या भोकावर ठेवला, दोन्ही तळहातांनी चारी बाजूंनी दाबून पाहिला, आणि मला म्हणाला, ठेव.

सर खालून बघत होते. "हुशार आहे," ते म्हणाले. "असू दे तसंच. इथून मोजणीचं नवं सत्र धरू."

त्यानंतर पाय खचला नाही.

चौथ्या दिवशी तिपाई उतरवली. इद्रिस दगड परत लावायला बसला. माझे आकडे त्यानं पाहिलेसुद्धा नाहीत. त्याचा त्याला क्रम ठाऊक होता. सगळी कबर पहिल्यासारखी झाली, फक्त पूर्वेच्या टोकाला पांढरे दगड त्यानं एकमेकांना टेकवले नाहीत. खिळ्याच्या तीन बाजूंना तीन ठेवले आणि वर मोकळं सोडलं.

"पुढच्या वेळी तुम्हाला काढायला लागू नयेत म्हणून," हुमेद म्हणाला. "आणि विचारतोय, कधी सांगणार?"

"हिशेब मोठा आहे. दोन महिने लागतील," सर म्हणाले. "तुझ्या फोनवर कळवू म्हणावं."

इद्रिसनं सरांचा हात दोन्ही हातांत घेतला, ओठांना लावला. अफार लोक तसं करतात. सरांनीही त्याचा हात तसाच ओठांना लावला. रीतीभाती त्यांना चांगल्या माहीत होत्या.

सामान गाडीत भरून आम्ही निघालो. मोठ्या भेगेजवळून जाताना सर म्हणाले, "तोंड कशाला पाडून बसलीस? त्याला आजवर कोणी इतक्या लांबून विचारायला आलं होतं का?"

पुण्यात परतल्यावर हिशेबाचं काम माझ्याकडे आलं. दोन महिन्यांत हुमेदचे चार संदेश आले. चारही एका वाक्याचे. इद्रिस विचारतोय, खिळा धरतोय का? मी ते सरांना दाखवले. "आकडा येऊ दे," ते म्हणाले.

आकडा एका गुरुवारी दुपारी आला. मी दोनदा तपासला, मग सरांना बोलावलं. ते माझ्या खुर्चीमागे उभे राहिले, स्क्रीन वाचली, आणि माझ्या पाठीवर हलकेच थोपटलं. "देखणा आहे. सातव्याशिवाय काही नव्हतं बघ." तेवढ्यात टेबलावर माझा फोन वाजला. हुमेद होता. सरांनीच तो उचलला आणि आवाज मोठा केला.

"दोक्तर, मी टेकाडावर आहे. इद्रिस इथेच बसलाय. रेंज मिळावी म्हणून वस्तीवरून सगळे वर आलोय. काय सांगू?"

"सांग त्याला, धरतोय."

"खरंच?"

"पक्का. सांग."

पलीकडे हुमेदचा आवाज लांब गेला. मग इद्रिसचा. तो हसत होता की काय कळत नव्हतं; एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता. मग तो बोलायला लागला, खूप वेळ बोलला, आणि मागे आणखी माणसांचे आवाज आले.

"दोक्तर," हुमेद म्हणाला, "तो तुम्हाला दुवा देतोय. आणि म्हणतोय, वस्तीतले बाकीचे पण थांबले होते तुमच्या उत्तरासाठी. त्यांची माणसं अजून खाली भेगेजवळ आहेत. आता ते सगळ्यांना उचलून वर, खिळ्यापाशी आणणार. सतरा आहेत. तुम्ही पुढच्या वेळी याल तेव्हा जागा मोकळी ठेवतील, म्हणतोय."

"छान," सर म्हणाले. फोन खाली ठेवून ते माझ्याकडे बघून हसले. "आता पुढच्या वेळी साक्षीखुणा नक्की करू, काय लातूर?"

ते चहा सांगायला बाहेर गेले. स्क्रीनवर ओळ तशीच उघडी होती.

खिळा ७. पश्चिमेच्या पठाराच्या सापेक्ष, दोन वर्षांत: ईशान्येला ३९ मिलिमीटर, अधिक-उणे २. खाली २७ मिलिमीटर, अधिक-उणे ५.